डावा घोटा

सकाळी साडेसहाला पहिला पाय माझ्या हातात येतो.
टाच मांडीवर, बोटं छताकडे,
आणि पांढरी पट्टी फाडताना होणारा तो चर्र आवाज.
एकवीस वर्षं माझा दिवस त्यानेच उजाडतो,
ओहायोतल्या या तळघरात, जिथे मलमाचा वास
भिंतीच्या रंगातही मुरलाय.

पोरं गप्प असली की घोटे बोलतात.
कोण रात्रभर जागा होता,
कोण दुखणं गिळून हसतोय,
हाताला कळतं.
कातडीला खोटं बोलता येत नाही.

त्या मंगळवारी जॅरेलचा डावा घोटा
वांग्याच्या रंगाचा झाला होता.
अंगठ्याने दाबला तर खळगा पडला
आणि तसाच राहिला.
"शनिवारी पळेन ना, मिस वर्ना?"
पळशील, म्हटलं.
दारात कोच उभा. म्हणाला,
हे या खोलीबाहेर जाता कामा नये.
तसा कागदच आहे भिंतीवर,
खाली सगळ्यांच्या सह्या. तिसरी माझी.

रात्री टेबलावर घेवड्याची उसळ, मक्याचा पाव.
ग्लेन म्हणाला, दमलेली दिसतेस.
मी म्हटलं, त्या पोराला पाय टेकवत नाही रे.
एवढंच.
मीठ मागावं तसं.
त्याने मीठ पुढे सरकवलं,
आणि फोन घेऊन पोर्चवर गेला.
जाळीच्या दारातून मला त्याची पाठ दिसत होती,
निळसर उजेडात वाकलेली.

शनिवारी अठ्ठावीस हजार माणसं.
मैदानाच्या कडेने दिव्यांची पाटी पळत होती :
आजचा भाव बघा, आत्ताच लावा,
पहिली पैज आमच्याकडून.
तिच्यासमोर जॅरेल लंगडत होता.
सतरा गुणांनी हरलो.
ढोलवाल्या पोरांनी ढोल उलटे धरून नेले.

सोमवारी ग्लेनने मला बूट आणले.
खरं चामडं, आत लोकर.
लग्नाला सव्वीस वर्षं झाली,
माझं माप त्याला ठाऊक आहे हे मला ठाऊक नव्हतं.
मी विचारलं नाही.
थंडी पडायला लागली होती.

नोव्हेंबरात राखाडी कोटातले दोघे आले.
फोन मागितले, एकेकाला आत घेतलं.
सापडला तो एझ्रा,
तिसऱ्या फळीतला, सगळा हंगाम बाकावर काढलेला,
ज्याचा घोटा मी रिवाज म्हणून बांधायची.
त्याने पंचवीस डॉलर लावले होते.
त्याच सामन्यावर.
आपण जिंकू म्हणून.
"पण हरलो ना मी," तो त्यांना म्हणाला म्हणे,
"पैसेही गेले."
कलम, पोटकलम, तारीख, शिक्का.
एक वर्ष खेळ बंद. शिष्यवृत्ती बंद.
त्यांच्या मागे खिडकीतून मैदान दिसत होतं,
पाटीची चाचणी चालू होती, रिकाम्या खुर्च्यांसमोर.

मलाही विचारलं.
बाहेर कुणाशी काही बोललात?
बाईंचा आवाज मऊ होता, पेन उघडं.
मी टेबलाखाली पाय ओढून घेतले.
नाही, म्हटलं.
किती सोपं गेलं ते.
घशात साधी खरखरही नाही.

एझ्रा लॉकरची किल्ली द्यायला आला.
बाहेर त्याच्या बापाने ट्रक चालूच ठेवला होता,
मागे गादी, टेबलफॅन, काळी पिशवी.
सवयीने तो माझ्या बाकावर बसला,
सवयीने टाच मांडीवर ठेवली.
मग दोघांनाही आठवलं.
तरी मी पट्टी काढली,
आठचा आकडा, टाचेला कुलूप, वर दोन वेढे,
सगळं यथासांग,
ट्रकच्या सीटवर बसून जाणाऱ्या पायासाठी.

उठताना त्याची नजर खाली गेली.
"नवे बूट?" तो म्हणाला. "छान आहेत.
उबदार असतील."